शेजारची मुलं आपल्या बॅकयार्डात खेळतात. पडलीझडली तर जबाबदार कोण?

शेवंती_एनजे
नमस्कार मंडळी. आम्ही गेल्या फॉलमध्ये सेंट्रल जर्सीत घर घेतलं. आधीच्या मालकांनी जाताना मागच्या अंगणात मोठं ट्रॅम्पोलिन आणि लाकडी प्लेसेट (झोके, घसरगुंडी, वर छोटी माडी) तसंच ठेवलं, फुकट मिळालं म्हणून तेव्हा आम्ही खूष. आमच्या रांगेत कुणालाच फेन्स नाही, सगळ्यांची लॉन्स एकमेकांत मिसळलेली, त्यामुळे बर्फ वितळल्यापासून आसपासची पोरं सर्रास येतात. लेक घरात असो नसो. आम्ही बाहेर असताना पण येतात हे मागच्या कॅमेऱ्यात दिसलं. ट्रॅम्पोलिनची जाळी एका बाजूने फाटलीय.

मला मुलं आलेली आवडतात, खोटं कशाला बोलू. पण ऑफिसातली एकजण म्हणाली की कुणाचा हात मोडला तर घर विकायची वेळ येईल. नवरा म्हणतो काहीतरीच, आपण नाही का दुसऱ्यांच्या अंगणात वाढलो. तर प्रश्न असा की आपण बोलावलेलं नसताना मूल आपल्या जागेत पडलं तर ते आपल्यावर येतं का? आईवडिलांकडून लिहून घेतलं तर चालेल का? 'स्वतःच्या जबाबदारीवर खेळा' अशी पाटी लावली तर? घराच्या इन्शुरन्समध्ये हे धरतात का? देशातलं पण कुणाला माहीत असेल तर लिहा, सासरी गावाला जुनं घर आहे, मागे विहीर आहे, तिथेही वाडीतली पोरं असतातच.

ढब्बू_पैसा
रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न घेऊन आलोच.

उंडगा
नवऱ्याला प्रचंड अनुमोदन. अमेरिकेत राहून माणसं इतकी घाबरट होतात की अंगणात पोरं खेळली तरी वकील आठवतो. आमच्या लहानपणी चिंचेवरून पडून किती जणांनी हात मोडून घेतले, झाडाच्या मालकाने उलट अजून दोन रट्टे दिले, आणि घरी गेल्यावर आईने दोन.

बे_एरियाचा_बाब्या
उंडगा, चिंच वेगळी आणि ट्रॅम्पोलिन वेगळं. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पिडिअ‍ॅट्रिक्सने, २०१२ च्या निवेदनात घरगुती ट्रॅम्पोलिन वापरूच नका असं स्वच्छ लिहिलंय. त्यांच्याच म्हणण्यानुसार साधारण तीन चतुर्थांश दुखापती एकाहून जास्त जण एकदम उड्या मारत असताना होतात. आणि शेजारची पोरं एकेक करून शिस्तीत येत असतील असं मला वाटत नाही. मोठं पोर खाली येतं त्याच वेळी लहान वर उडतं, आणि मोडायचं ते लहानाचंच मोडतं. जाळी असली तरी हे व्हायचं थांबत नाही, इथे तर जाळीही फाटकी.

पॉलिसीवाली
मी बरीच वर्षं होमओनर्स क्लेम्समध्ये, म्हणजे घराच्या इन्शुरन्सचे दावे बघण्यात, काढली आहेत (ओहायो), म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

शेवंती, तुमच्या पॉलिसीत दोन वेगळ्या गोष्टी शोधा. एक 'पर्सनल लायबिलिटी', साधारण एक लाख डॉलर्सपासून तीन किंवा पाच लाखांपर्यंत असते. कुणी तुमच्यावर दावा केला आणि तुमचा निष्काळजीपणा ठरला तर ती कामी येते, वकीलही कंपनीच देते. दुसरी 'मेडिकल पेमेंट्स टू अदर्स'. ही छोटी असते, हजार ते पाच हजार डॉलर्स, पण हिच्यात चूक कुणाची हे बघत नाहीत. शेजारचं पोर पडलं, इमर्जन्सी रूमचं बिल आलं, यातून दिलं, विषय संपला. मी पाहिलेली बरीचशी भांडणं इथेच मिटतात. ही रक्कम वाढवून घ्यायला फार पैसे पडत नाहीत, तरी लोक घेत नाहीत.

आता महत्त्वाचं. बऱ्याच कंपन्या ट्रॅम्पोलिन सरळ वगळतात, काही म्हणतात जाळी असेल तरच, काही तपासणीत दिसलं तर रिन्यूच करत नाहीत. घर घेताना एजंटने 'ट्रॅम्पोलिन आहे का, पूल आहे का, कुत्रा आहे का' विचारलं असेल. तुम्ही काय उत्तर दिलंत ते आठवा. 'नाही' लिहिलं गेलं असेल तर आधी ते दुरुस्त करा, बाकी सगळं नंतर. आणि एजंटला फोन नको, ईमेल करा. उत्तर लेखी पाहिजे.

हिमकण
पॉलिसीवाली, उत्तम माहिती. अम्ब्रेला पॉलिसीबद्दल पण लिहा ना.

पॉलिसीवाली
हो राहिलंच. अम्ब्रेला म्हणजे घर आणि गाडीच्या लायबिलिटीच्या वर आणखी दहा लाख डॉलर्स किंवा जास्त. त्यामानाने स्वस्त असते. पण खालच्या पॉलिसीत ट्रॅम्पोलिन वगळलेलं असेल तर वरची छत्री उघडेलच असं नाही, ते वाचून घ्यावं लागतं.

सदाशिव_पेठी
'कुत्र्यापासून सावध' पाटी लावा. कुत्रा नसला तरी चालतो. दुपारी एक ते चार विशेष परिणामकारक.

निशाचर
कायद्याच्या बाजूचं थोडं. मी वकील नाही, पण जुन्या केसेस वाचायचा नाद आहे.

साधा नियम असा की परवानगीशिवाय आत शिरलेल्या माणसाबद्दल मालकाची जबाबदारी फार थोडी. मुलांच्या बाबतीत मात्र याला अपवाद तयार झाला आणि त्याची सुरुवात रेल्वेपासून झाली. नेब्रास्कात ब्लेअर नावाच्या गावी १८६९ मध्ये इंजिनं वळवायच्या फिरत्या चकतीवर पोरं खेळत होती. चकतीला कुलूप नव्हतं. सहा वर्षांच्या मुलाचा पाय त्यात चिरडला. रेल्वे म्हणाली आमच्या जागेत आलाच कशाला. १८७३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने साडेसात हजार डॉलर्सची भरपाई कायम केली. पोरं तिथे येतात हे नोकरांना दिसत होतं आणि कुलूप लावायला काही खर्च नव्हता, मुद्दा हा. याच धाग्यातून पुढे 'अ‍ॅट्रॅक्टिव्ह न्यूसन्स', म्हणजे मुलांना भुरळ घालणारी धोक्याची वस्तू, हा प्रकार आला.

नंतर त्याच सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती होम्स यांनी १९२२ मध्ये तो बराच आवळला. कॅन्ससमध्ये बंद पडलेल्या गंधकाम्लाच्या कारखान्याच्या तळघरात पाणी साचलेलं, दिसायला स्वच्छ, आत आम्ल. दोन भाऊ त्यात उतरले आणि गेले. होम्स म्हणाले की ते पाणी रस्त्यावरून दिसत नव्हतं, म्हणजे मुलं त्याच्या मोहाने आत आली नव्हती, सबब मालक जबाबदार नाही. मला हा निकाल वाचताना दरवेळी संताप येतो. पुढे ती अट मागे पडली. आता बहुतेक राज्यं 'रिस्टेटमेंट ऑफ टॉर्ट्स' (भरपाईच्या कायद्याची तत्त्वं एकत्र मांडणारा संदर्भग्रंथ) मधलं कलम ३३९ धरून चालतात. मुलं येतील हे तुम्हाला माहीत होतं का, वस्तूपासून जिवाचा किंवा गंभीर इजेचा धोका होता का, तो मुलाला वयामुळे कळण्यासारखा नव्हता का, धोका दूर करायला तुम्हाला फारसं पडलं नसतं का, आणि तरी तुम्ही हात हलवला नाही का.

आता शेवंतीताईंनी हे स्वतःला लावून बघावं. पोरं येतात हे कॅमेऱ्यात आहे. जाळी फाटलेली माहीत आहे. दुसऱ्या बाजूने, उंचावरून पडलं की लागतं हे दहा-बारा वर्षांच्या पोराला कळतं असं बरीच कोर्टं म्हणतात, त्यामुळे ट्रॅम्पोलिनला सरसकट उत्तर नाही, राज्याराज्यात आणि वयावयात फरक पडतो. चार वर्षांच्या पोराबद्दल हा बचाव करून बघा म्हणजे कळेल.

आणि तुम्ही स्वतः 'या रे' म्हणून बोलावलेली मुलं पाहुणी झाली. त्यांना वेगळा नियम. तुम्हाला माहीत असलेला छुपा धोका सांगायलाच हवा.

उंडगा
म्हणजे कॅमेरा लावला नसता तर सुटले असते? धन्य आहे.

निशाचर
उंडगा, कॅमेरा नसता तरी अंगणात पोरांचे बूट आणि चिप्सची पाकिटं असतीलच की. माहीत होतं किंवा माहीत व्हायला हवं होतं, दोन्ही धरतात.

कोपऱ्यातली_खुर्ची
मूळ प्रश्नातल्या लिहून घेण्याबद्दल, कारण मला न्यू जर्सीचंच माहीत आहे. २००६ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने एका स्केटबोर्ड पार्कच्या केसमध्ये सांगितलं की मुलाला इजा होण्याआधीच आईवडिलांनी सही करून त्याचा भरपाईचा हक्क सोडून देता येत नाही. तिथे तर पैसे घेऊन चालवलेला धंदा होता. अंगणातल्या कागदावर मी तरी भरवसा ठेवणार नाही. शिवाय मूल १८ चं होईपर्यंत दावा लावायच्या मुदतीचं घड्याळ सुरूच होत नाही, त्यानंतर इथे दोन वर्षं. आज सहा वर्षांचा असलेला गडी विसाव्या वाढदिवसापर्यंत येऊ शकतो.

ढब्बू_पैसा
तोपर्यंत तो तुमचा जावई झालेला असायचा.

शेवंती_एनजे
ढब्बू, लेक सात वर्षांची आहे हो

अनघा_के
मला यातली दुसरी बाजू मांडायची आहे. आम्ही मिशिगनमध्ये, रस्त्यावर एकुलते एक देशी. मुलांना 'येऊ नका' म्हणणं कायद्याने सोपं असेल पण त्यानंतर आपल्या मुलाला कुणी बोलावत नाही, आणि आईला कुणी हात हलवून हाय करत नाही. आमच्या आधीच्या गल्लीत एका कुटुंबाने अंगणाला दोरी बांधली होती. दोरी काढल्यावर पण ते 'दोरीवाले'च राहिले. तेव्हा जे काय कराल ते आधी घरोघर जाऊन बोलून करा, पाटी लावून नको.

बे_एरियाचा_बाब्या
पाटीचा तसाही उपयोग नाही. चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. आणि 'ट्रॅम्पोलिन वापरू नये' लिहिलंत तर धोका माहीत होता हे तुम्हीच लेखी दिलंत.

उंडगा
मला एक कळत नाही. शेजारी शेजाऱ्यावर, नातेवाईक नातेवाइकावर दावा लावतो ही कसली संस्कृती? मध्ये ती कनेक्टिकटमधली मावशी नव्हती का, भाच्याने वाढदिवसाला मिठी मारली, ती पडली, मनगट मोडलं म्हणून त्या पोरावरच केस ठोकली.

पॉलिसीवाली
बरं झालं ही काढलीत, कारण यात सगळ्यांचा गैरसमज आहे. २०१५ मध्ये तिचा निकाल लागला, ज्यूरीने तिला काही दिलं नाही. अख्ख्या जगाने तिला शिव्या घातल्या. पण तिला भाच्याच्या खिशातून काही नको होतं. घराच्या इन्शुरन्सकडून उपचाराचे पैसे हवे होते, आणि कनेक्टिकटात थेट इन्शुरन्स कंपनीवर दावा लावता येत नाही, माणसाचंच नाव घालावं लागतं. भाच्याशी तिचे संबंध चांगलेच होते.

इथे कागदावर 'अमका विरुद्ध तमका' असतं तेव्हा मागे बरेचदा दोन इन्शुरन्स कंपन्या भांडत असतात. मुलाच्या आईला तुमच्यावर काही करायचं नसतं, पण तिच्या हेल्थ इन्शुरन्सचं पत्र येतं, 'अपघात कुठे झाला, कुणाच्या जागेत?' ती खरं उत्तर लिहिते आणि तिची कंपनी तुमच्या कंपनीकडे पैसे मागते. हे आमच्याच घरी झालं. भाचीचं मनगट शेजाऱ्यांच्या डेकवर मोडलं, पत्र आलं, शेजाऱ्यांच्या मेडिकल पेमेंट्समधून पैसे मिळाले. त्याच आठवड्यात ते आमच्याकडे पुरणपोळी खायला होते.

उंडगा
हे माहीत नव्हतं. पण तरी पोरांनी कुठे खेळायचं हा प्रश्न राहतोच. प्रत्येक अंगणाला कुलूप लागलं की मग पोरं आयपॅडला चिकटतात म्हणून नवीन धागा काढायचा.

हिमकण
मला कुलपाचीच बाजू घ्यायची आहे. आमच्या शेजाऱ्यांकडे जमिनीवर ठेवायचा फुगवायचा पूल होता, 'छोटाच तर आहे' म्हणून कुंपण नाही. इथे एक ते चार वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बुडणं आहे. आवाज होत नाही, आरडाओरडा होत नाही. २४ इंचांपेक्षा खोल पाणी असेल तर चार फुटी कुंपण आणि आपोआप लागणारं फाटक हा नियम खूप गावांत आहे, उगीच नाही. हाडं जुळतात. पाण्याच्या बाबतीत मी कुणाची मैत्री बघत नाही.

लंडनकर
इंग्लंडमध्ये १९५७ च्या ऑक्युपायर्स लायबिलिटी अ‍ॅक्टमध्ये लिहूनच ठेवलंय की मुलं मोठ्यांपेक्षा कमी सावध असणार हे जागेच्या ताबेदाराने गृहीत धरायचं. त्याच्याही आधी, वर होम्स यांचा निकाल आलाय साधारण त्याच काळात, ग्लासगोच्या महापालिकेच्या बागेत सात वर्षांच्या मुलाने झुडपावरची विषारी फळं खाल्ली आणि तो गेला. ना पुरेसं कुंपण ना पुरेशी सूचना. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च कोर्टाने, म्हटलं की अशी चेरीसारखी दिसणारी फळं मुलांना भुरळ घालणारच, पालिकेवर दावा चालू शकतो.

अवांतर: आमच्या गल्लीत बॉल आत गेला की शेजारचे आजोबा तो परत देतात, पण आधी दहा मिनिटं हवामानावर बोलावं लागतं.

सदाशिव_पेठी
आमच्याकडे अर्धा कापून देत. बोलत नसत.

कोल्हापूरकर_वकील
देशातलं कुणी विचारलंय म्हणून लिहितो. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, निष्काळजीपणाचं इंग्लिश तत्त्वच कोर्टं वापरतात. दिवाणी भरपाईच्या केसेस कमी कारण लोक त्या वाटेला जात नाहीत, वर्षं जातात. पण फौजदारी बाजू विसरू नका. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पूर्वी भादंवि ३०४ अ, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, शिक्षा दोनाऐवजी पाच वर्षांपर्यंत.

'माझ्या जागेत आला तर त्याचं तो बघेल' म्हणणाऱ्यांनी चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य ही केस वाचावी. एकाने आपल्या संडासाकडे शेजारच्यांनी येऊ नये म्हणून वाटेत उघडी विजेची तार लावली, शेजारची बाई चिकटून गेली. सुप्रीम कोर्टात त्याचं म्हणणं, ती घुसखोर होती. कोर्टाने शिक्षा कायम केली. आगंतुक असला तरी त्याला इजा व्हावी म्हणून सापळा लावायचा अधिकार मालकाला नाही. रानडुकरांसाठी शेताच्या तारेत करंट सोडणाऱ्यांना मी हे नेहमी ऐकवतो. कंपाउंडवर बाटलीच्या काचा लावणाऱ्यांनीही जरा विचार करावा.

पेणकर_काका
वकीलसाहेब, काचांशिवाय आंबे राहतील का पण? आमच्याकडे मे महिन्यात राखण्या ठेवतो. राखण्या दुपारी झोपतो आणि पोरं पाडाचे तेवढे बरोबर ओळखून नेतात. एकदा एक पोर फांदी मोडून खाली आलं, घोटा मुरगळला. त्याच्या बापाने भरपाई मागितली नाही, उलट पायलीभर तांदूळ आणून दिले, फांदी मोडली म्हणून. आता तसं होईल का माहीत नाही, पलीकडे सगळे बंगले मुंबईकरांचे झालेत.

कोल्हापूरकर_वकील
काका, आंबा काढायला शिरलेल्या पोरावर केस करायचा विचार असेल तर तोही सोडा. सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य गुन्हा धरत नाहीत, सात ते बाराच्या मध्ये समज किती होती ते बघतात.

शेवंतीताई, विहिरीचं मात्र मनावर घ्या. बोअरवेलच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये जागामालकावर स्पष्ट बंधनं घातली, खोदण्याच्या १५ दिवस आधी कळवायचं, भोवती तारेचं कुंपण, तोंडाला पक्कं झाकण, सोडून दिलेलं भोक बुजवायचं. कुरुक्षेत्राजवळ २००६ मध्ये बोअरमध्ये पडलेलं पोर अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितलं, ते वाचलं, पण त्यानंतर कितीतरी वाचली नाहीत. जुनी विहीर या आदेशात येत नाही, पण कठडा ढासळलाय आणि पोरं येतात हे माहीत असून काही केलं नाही तर कुठल्याही कोर्टात उत्तर देणं अवघड. लोखंडी जाळी बसवा. गावात वेल्डर मापाने करून देतो.

मुंबईची_मंजू
फक्त विहिरीच कशाला. २०२४ च्या मार्चमध्ये वडाळ्यात बागेतल्या उघड्या टाकीत पडून दोन लहान भावंडं गेली. ती तर खेळायचीच जागा होती. तेव्हापासून मी आमच्या सोसायटीत टाकीच्या झाकणांवरून एवढं डोकं खाते की सेक्रेटरी मला बघून जिन्याने जातात. पार्किंगमध्ये 'क्रिकेट खेळण्यास मनाई' हे दर तीन महिन्यांनी नव्याने रंगवतात, झाकणाला कडी लावायला मात्र ठराव लागतो.

ढब्बू_पैसा
धागा जर्सीहून निघाला, नेब्रास्का, ग्लासगो, पेण करत वडाळ्याला पोचला. आता ताईंच्या अंगणात परत या कुणीतरी.

शेवंती_एनजे
आलेच. सगळ्यांचे आभार, विशेषतः पॉलिसीवाली.

एजंटला ईमेल केला. आमच्या पॉलिसीत ट्रॅम्पोलिन सरळ वगळलेलं आहे, जाळी असो नसो. अर्जावर ते नोंदलेलंच नव्हतं, कारण अर्ज भरला तेव्हा आधीच्या मालकांचं सामान उचलून व्हायचं होतं. आता लेखी कळवलं. म्हणजे आत्ता या क्षणी तिथे काही झालं तर सगळं आमच्या खिशातून. हे वाचल्यावर नवरा स्वतःच पाना घेऊन गेला आणि स्प्रिंग काढायला लागला. मेडिकल पेमेंट्स एक हजारावरून पाच हजारावर नेलं.

प्लेसेट ठेवतोय. त्याच्याखाली नुसतं गवत आहे, ते पडल्यावर काही वाचवत नाही असं इथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेत मिळालं. किमान नऊ इंच मल्च (लाकडाचा, सालींचा चुरा) आणि चारी बाजूंना सहा फूट मोकळं हवं. दोन ट्रक मल्च मागवलंय. अनघा म्हणाली तसं तिन्ही घरी जाऊन सांगून आलो की आम्ही मागे बसलेले दिसलो की मुलांना पाठवा, एरवी नको. एका घरी जरा तोंड वाकडं झालं. दुसऱ्या घरची आई म्हणाली, मला केव्हापासून त्या फाटक्या जाळीबद्दल बोलायचं होतं, वाईट दिसेल म्हणून गप्प होते.

विहिरीला जाळी करायला दिरांना सांगितलंय. ते म्हणाले गणपतीत बघू.

कोल्हापूरकर_वकील
गणपतीत नको. पावसाआधी.

उंडगा
ट्रॅम्पोलिन काढलंत याचं वाईट वाटलं, पण मल्च टाकून प्लेसेट ठेवलात ते आवडलं.

हिमकण
उघड्यावर फेकताना जपून हां, रस्त्याच्या कडेला 'फ्री' लिहून ठेवलं तर तिथेच पोरं उड्या मारतील. सुटं करूनच ठेवा.

पेणकर_काका
तो लोखंडी सांगाडा फेकायचा कशाला? गोल आहे, पाय आहेत. वर सुतळी ताणा, उत्तम मांडव होतो. दुधी चढवा.

शेवंती_एनजे
काका!! भारी आयडिया. पण मांडवाला पोरं लोंबकळली तर?

पॉलिसीवाली
कारली लावा. कुणी फिरकणार नाही.